डायलटोन मोठा करून मिळणेबाबत

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नोटबुक संगणकाच्या पडद्यावर 'नो डायलटोन' अशी अक्षरं उमटली आणि गुरुपाद शेटे सरांचा अपमान झाला. सर केजच्या हायस्कुलात सव्वीस वर्षं गणित आणि इंग्रजी शिकवत होते. एवढ्या काळात त्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणायची हिंमत दोघांचीच झाली होती. एकदा शिक्षणाधिकाऱ्यांची आणि रोज त्यांच्या पत्नी गंगासागरबाईंची. त्यात आता या यंत्राची भर पडली. बरं, डायलटोन खरोखरच नाही म्हणावं, तर तो होता. सरांनी रिसीव्हर उचलून स्वतः ऐकला, मुलीला ऐकवला, शेजारच्या अर्जुनरावांना बोलावून ऐकवला. अर्जुनराव माजी सरपंच. त्यांनी डोळे मिटून, मान हलवत टोन ऐकला आणि निकाल दिला, "सर, टोन तर लई खणखणीत हाय. मशीनच बहिरं दिसतंय."

प्रश्न टोनचा असता तर सरांनी तो सावकाश सोडवला असता. पण त्याच दुपारी पोस्टमनने स्कॉटलंडचं पत्र आणून दिलं होतं. सरांची मुलगी प्रणिता वनस्पतिशास्त्रात एमएस्सी झालेली. ज्वारीवरच्या काणी रोगावर संशोधन करायला तिकडच्या एका विद्यापीठाने तिला जागा दिली होती, शिष्यवृत्तीसकट. अट एकच. होकार ई-मेलनेच कळवायचा आणि तोही येत्या शुक्रवारी तिकडच्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या साडेपाचपर्यंत. नाही कळवला तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. पत्र तीन आठवडे प्रवास करून आलं होतं आणि हातात उरले होते तीन दिवस.

"आप्पा, मी उद्या सकाळच्या गाडीनं औरंगाबादला जाते," प्रणिता म्हणाली. "तिथं सायबर कॅफे हाय. दहा मिनिटांचं काम."

खरं म्हणजे गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण दिवाळीत सरांचा जुना विद्यार्थी अमरसिंह अमेरिकेहून आला होता आणि गुरुदक्षिणा म्हणून आपला वापरलेला संगणक देऊन गेला होता. काळा, पाटीएवढा, मांडीवर घेतला की मांडी भाजणारा. सोबत 'टेक्निकल रेफरन्स' नावाचं एकशे ऐंशी पानांचं पुस्तक. सरांनी मुद्दाम औरंगाबादला जाऊन इंटरनेटचं खातं काढलं, पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकलं, की यापुढे केज आणि स्कॉटलंड यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर आहे. आता मुलीला सहा तास एसटीत बसवून पाठवायची म्हणजे शिक्षकांच्या खोलीत तोंड कसं दाखवायचं?

"घरात विहीर असताना शेजारी पाणी मागायला जायचं नाही," सर म्हणाले.

"विहिरीला पानी लागलंय का, ते तर बघा," गंगासागरबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. सरांनी ते ऐकलं नाही. ऐकू न येण्याचा अधिकार काही एकट्या संगणकाचा नव्हता.

बुधवारी सकाळी अर्जुनरावांनी सुचवलं, की असल्या गोष्टी तोंडी होत नसतात, अर्ज द्यावा लागतो. सरांनी अर्ज लिहिला. विषय: डायलटोन मोठा करून मिळणेबाबत. 'महोदय, माझ्या घरच्या दूरध्वनीचा डायलटोन मला, माझ्या कुटुंबास व शेजाऱ्यांस स्पष्ट ऐकू येत असला, तरी माझ्या संगणकास ऐकू येत नाही. सबब तो आवश्यक तेवढा मोठा करून मिळावा, ही विनंती.' मजकूर शुद्ध होता, विरामचिन्हं जागच्या जागी होती. फोनच्या कचेरीतल्या साहेबांनी तो दोनदा वाचला.

"तुमाला ऐकू येतो ना?"

"येतो."

"मग तक्रार कुणाची?"

"संगणकाची."

"कनेक्शन कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग संगणकाची तक्रार आमी कशी घ्यावी, सर? तुमाला यायचा बंद झाला, की या. एका दिवसात माणूस पाठवतो." साहेब सरांचेच विद्यार्थी निघाले. त्यांना एके काळी सरांनी 'पक्ष आणि साध्य' यांतला फरक कळेपर्यंत बाकावर उभं केलं होतं. तो आता त्यांना पक्का कळलेला दिसला.

तरी जुनी ओळख म्हणून लाइनमन सुग्रीव घरी येऊन गेला. त्याने तारा ओढून पाहिल्या, चहा घेतला, आणि जाताना लाखमोलाचं बोलला. "सर, ह्ये मशीन अमेरिकेचं. त्याला तिकडच्या टोनची सवय. आपला टोन त्याला वळखू येईना. त्याला म्हनावं, टोनची वाट बघू नगं, सरळ नंबर फिरव."

सरांनी पुस्तक उघडलं. मॉडेमच्या, म्हणजे संगणकाच्या वतीने फोनवर बोलणाऱ्या भागाच्या, प्रकरणात दोन भाग होते. एकात मॉडेमला द्यायच्या आज्ञा, दुसऱ्यात मॉडेमने द्यायची उत्तरं. प्रत्येक उत्तराला क्रमांक. शून्य म्हणजे 'ओके', तीन म्हणजे 'नो कॅरिअर', म्हणजे पलीकडचं यंत्र सापडलं नाही, चार म्हणजे 'एरर', सहा म्हणजे 'नो डायलटोन', सात म्हणजे 'बिझी'. सरांना हा प्रकार फार आवडला. वर्गातल्या पोरांनीही अशी क्रमांकवार उत्तरं दिली असती तर सव्वीस वर्षांत किती घसा वाचला असता! आणि चव्वेचाळिसाव्या पानावर सुग्रीव म्हणाला तेच निघालं. एक्स-थ्री ही आज्ञा दिली, की यंत्र टोनची वाट न पाहता नंबर फिरवतं.

पण सर गणिताचे. त्या पानावर ऑफिसच्या वापरासाठी म्हणून आज्ञांची एक लांबलचक ओळ नमुन्यादाखल दिली होती आणि एक्स-थ्री तिच्या मधोमध होती. अर्धवट उतरवणं हे कॉपी करणाऱ्या पोरांचं काम, असं म्हणून सरांनी आख्खी ओळ टंकली. तिच्या शेवटी एस-झीरो बरोबर एक, असं काहीतरी होतं. त्याचा अर्थ एकशे दोनाव्या पानावर होता. तिथपर्यंत सर त्या दिवशी पोचले नाहीत.

संध्याकाळी यंत्राने खरोखर औरंगाबादच्या इंटरनेटवाल्यांचा नंबर फिरवला. कर्र, टी-टी-टी, खर्रर्र, असा आवाज झाला, की गंगासागरबाईंच्या हातातली पळी खाली पडली. "त्याचं तोंड आधी बंद करा," त्या म्हणाल्या. सरांनी बावन्नावं पान काढून यंत्राचा आवाज बंद केला. मग यंत्राने मुकाट्याने उत्तर दिलं. नो कॅरिअर. पुन्हा फिरवलं. नो कॅरिअर. पण कालच्या सहावरून आज तीनवर आलो म्हणजे निम्मं अंतर कापलं, असा सरांनी हिशेब मांडला.

"आप्पा, मी उद्या अंबाजोगाईला कॉलेजात जाऊन नोंदणी क्रमांकाचा दाखला घेऊन येते. मेलमध्ये तो लागतोय," प्रणिता म्हणाली. "पन परवा सकाळी साडेसहाच्या गाडीनं मी औरंगाबादला जानार. मग तुमी काय बी म्हना."

गुरुवारी ती अंबाजोगाईला गेली, सर शाळेत गेले, बाई बाजारात गेल्या आणि संगणक फोनच्या तारेला चिकटून घरी एकटाच चालू राहिला. सर दुपारी आले तो पडद्यावर अक्षरांची रांग लागलेली. 'रिंग. नो कॅरिअर. रिंग. नो कॅरिअर.' एकेचाळीस वेळा. सरांचा ऊर भरून आला. कुणीतरी आपल्याला पलीकडून शोधतंय! त्यांनी शेजारी जाऊन अर्जुनरावांना सांगितलं, की स्कॉटलंडनेच आपल्याशी संपर्क साधायचा प्रयत्न चालवलेला आहे. अर्जुनराव म्हणाले, "बघा, मानसं चांगली हायेत."

आता इथे या गल्लीचा रिवाज सांगायला हवा. गल्लीत घरं अकरा आणि फोन दोन. त्यातला अर्जुनरावांचा फोन कार्यकर्त्यांनी कायमचा अडवलेला. म्हणून उरलेली सगळी घरं लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत सरांचाच नंबर टाकत आणि पुढे 'पीपी' लिहीत. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणूस आमचा. त्यातही उचललेल्या फोनचं बिल होतं, नुसत्या रिंगचं होत नाही, हे शोधून काढायला कुणाला पुस्तक लागलं नव्हतं. एक रिंग म्हणजे खुशाल आहोत. दोन म्हणजे गाडीत बसलो. तीन म्हणजे निघून या. परळीची सत्यभामाआक्का, सरांची थोरली बहीण, रोज सकाळी आठ वाजता एक रिंग द्यायची. बारा वर्षं तो फोन कुणी उचलला नव्हता, आणि म्हणूनच सगळं ठीक होतं.

आणि एस-झीरो बरोबर एक याचा अर्थ होता: पहिल्या रिंगला फोन आपोआप उचलावा.

शुक्रवारी सकाळी सहाला प्रणिता पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबरडा ऐकू आला. "माझा गुरू गेला गं बाई!" पहाटेच्या पहिल्या गाडीने सत्यभामाआक्का आली होती. मागे तिचा मुलगा, सून आणि परळीचे चार शेजारी. तोंडात ब्रश, अंगात गंजीफ्रॉक अशा अवस्थेत सर बाहेर आले. आक्काने त्यांना पाहिलं, आणखी मोठ्याने रडली आणि प्रणिताच्या गळ्यात पडली. "काल फोन उचलला गं कुनीतरी! आन् निसतं किंचाळलं! कावून उचलला रं, गुरू? मला वाटलं, घरात रडारड चाललीय!"

आक्का गळ्यातून सुटेपर्यंत साडेसहाची गाडी गेली. पुढची साडेनऊची. ती साडेतीनला औरंगाबादला टेकणार, बिघडली नाही तर, आणि ती महिन्यातून पंधरा दिवस बिघडायची. पण साडेनऊपर्यंत दारातून पाय बाहेर काढायलाच जागा उरली नव्हती. पाटोद्याहून अर्जुनरावांचे व्याही आले; अर्जुनरावांचा फोन कधी लागत नाही म्हणून तेही सरांच्याच नंबरवर रिंग देत. वडवणीहून शिंपी म्हाळूच्या होणाऱ्या जावयाकडची माणसं जीपभर आली. त्यांचं म्हणणं असं, की तारीख कळवायला फोन केला तर समोरून शिट्ट्या मारल्या, तेव्हा लग्न मोडलं असेल तर तोंडावर सांगा. दहा वाजता सरांच्या घरात सदतीस माणसं होती आणि प्रत्येकाला एकच गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागत होती. सरांनी एकशे दोनावं पान काढून सगळ्यांना दाखवलं. कुणाचंही समाधान झालं नाही.

प्रणिता आतल्या खोलीत बसून होती. सर आत आले तशी ती म्हणाली, "आप्पा, तुमचा मान ऱ्हावा म्हनून माझी जागा गेली."

ती रडली असती तर सरांना काही बोलता आलं असतं. ती रडली नाही. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना 'पुढे जा' म्हणत आलो आणि स्वतःच्या पोरीच्या आडवे आपणच बसलो, हे त्यांना इतकं लख्ख दिसलं, की चष्मा काढून पुसावा लागला.

"अजून साडेपाच वाजले नाहीत," ते म्हणाले. यावेळी त्यात तोरा नव्हता.

दुपारी बारापासून सर नंबर फिरवत बसले. यंत्राचं उत्तर ठरलेलं. नो कॅरिअर. माजघरातून दाराशी आलेल्या पाव्हण्यांनी सल्ले दिले. वडवणीकर म्हणाले, तार करा. व्याही म्हणाले, मंत्र्यांच्या पीएला सांगा. आक्का म्हणाली, यंत्राला विभूती लावा, आणि कुणी काही म्हणायच्या आत तीन बोटं ओढूनही मोकळी झाली. शेवटी तीन वाजता सरांनी आवाज पुन्हा चालू केला, तेव्हा कुठे उलगडा झाला. नंबर फिरला, की आतून एक बाई गोड आवाजात सांगत होती, "या मार्गावरील सर्व लाइन्स व्यस्त आहेत. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." यंत्राला मराठी येत नव्हतं. ते आपलं पाऊण मिनिट तिचं भाषण ऐकायचं आणि तीन नंबरचं उत्तर द्यायचं.

पावणेपाच वाजले. सदतीस माणसांचा तिसरा चहा झाल्यावर गंगासागरबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सरका. मी लावते."

गल्लीत कुणालाही बाहेरगावी फोन लावायचा असला, की तो लोकांनी गंगासागरबाईंकडूनच लावून घ्यायचा, हे सर सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. शून्य फिरवल्यावर किती थांबायचं, लाइन मोकळी होताना आत कसा आवाज येतो, त्या गोड आवाजाच्या बाईचं 'या' ऐकू आलं रे आलं, की फोन आपटून पुन्हा कधी फिरवायचा, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. गर्दीच्या वेळी त्या सोलापूर लावून देत.

"हे तंत्राचं काम आहे," सर सवयीने म्हणाले. "फोन लावणं आणि यंत्राने लावणं वेगळं." आणि म्हणता म्हणता पुस्तकाचं एकोणपन्नासावं पान त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. डी ही आज्ञा नंबर न देता दिली, तर यंत्र काही फिरवत नाही, नुसती लाइन हातात घेतं आणि पलीकडच्या यंत्राशी बोलू लागतं. तळाला दोन ओळी बारीक टायपात होत्या. त्या तीन दिवस सरांना निरर्थक वाटत होत्या. नंबर न फिरवता बोलणार कुणाशी? आता कळलं. दुसऱ्याने फिरवून दिला असेल, तर त्याच्याशी.

"सागर," सर म्हणाले. सदतीस माणसांसमोर त्यांनी बायकोला नावाने कधी हाक मारली नव्हती. "तू लाव. पलीकडून शिट्टी आली, की मला सांग. मी एंटर दाबतो, मग तू फोन ठेव."

आतल्या खोलीत त्याच तारेवरचा जोडफोन होता. तो कुणी चुकून उचलू नये म्हणून अर्जुनराव त्याच्यासमोर पाट टाकून बसले. बाईंनी फिरवायला सुरुवात केली. 'या.' आपटला. 'या मा.' आपटला. नवव्या वेळी रिंग गेली, पण राँग नंबर निघाला; एक डॉक्टर होते, बाईंनी माफी मागितली. पाच वाजले. सव्वापाच वाजले. प्रणिता आईच्या मागे येऊन उभी राहिली होती, पदराचं टोक मुठीत धरून. ती लहानपणी इंजेक्शनच्या वेळी धरायची तसं.

अठराव्या वेळी बाई ताठ झाल्या. "गेली... वाजतीया... आली! आली शिट्टी!"

सरांनी एंटर दाबलं. बाईंनी फोन असा अलगद ठेवला, की जणू निजलेलं मूल पाळण्यात ठेवलं. यंत्र खर्रर्र किंचाळलं, घुमलं, गप्प झालं. आणि पडद्यावर अक्षरं आली: कनेक्ट. खाली वेग, नऊ हजार सहाशे. प्रणिताने खात्याचं नाव टंकलं, गुप्त शब्द टंकला, होकाराचं पत्र कालच लिहून ठेवलं होतं ते पाठवलं. एक निळी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. पाच वाजून सतरा मिनिटं.

"गेलं!" सर ओरडले. "गेलं स्कॉटलंडला!"

घरात एवढा गलका झाला, की आतल्या अर्जुनरावांना ही आनंदाची बातमी ताबडतोब तालुका अध्यक्षांना कळवावीशी वाटली. त्यांनी समोरचा जोडफोन उचलला. यंत्राने शांतपणे लिहिलं: नो कॅरिअर.

मग मेल खरंच गेली, की वाटेत तुटली? पट्टी पूर्ण झाली होती, सरांनी पाहिलं होतं. प्रणिता म्हणाली, पट्टीचा काही भरवसा नाही. सगळ्यांनी अर्जुनरावांकडे पाहिलं. अर्जुनराव म्हणाले, "मी आता ओसरीतच बसतो," आणि खरंच जाऊन बसले. निवडणूक हरले तेव्हाही ते एवढे पडलेले दिसले नव्हते.

"सरका," गंगासागरबाई म्हणाल्या आणि पुन्हा बसल्या.

यावेळी चौथ्या फेरीलाच शिट्टी आली. सहाला तीन मिनिटं कमी होती. साडेपाच होऊन गेले होते. गेली नसेल तर आता काही इलाज नव्हता. पत्रपेटी उघडली. आत एक पत्र होतं. प्रणिताने ते मनात वाचलं आणि पडदा सरांकडे वळवला. सरांनी चष्मा सारखा केला आणि सव्वीस वर्षांच्या आवाजात, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचलं. "तुमचा होकार अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी मिळाला. तुमची जागा पक्की झाली आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हावं. आम्ही तुमची वाट पाहत आहोत."

आक्का पुन्हा रडली. यावेळी कारण बरोबर होतं. वडवणीकर आणि म्हाळू शिंप्याने एकमेकांना मिठी मारली आणि त्या भरात लग्नाची तारीखही ठरवून टाकली. अर्जुनरावांनी ओसरीतूनच पेढे मागवले. सदतीस माणसं सरांचं अभिनंदन करायला पुढे आली आणि सरांनी प्रत्येकाला बायकोकडे वळवलं. "त्यांनी लावला," ते सांगत होते. "मी नुसतं एंटर दाबलं." एवढ्या आनंदाने सरांनी याआधी कधीच पराभव मान्य केला नव्हता. प्रणिता त्यांच्या पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिला अर्ध्यावरच धरलं आणि म्हणाले, "चुकलो होतो गं मी." ती म्हणाली, "लई चुकलता. पन जमवलंत."

गंगासागरबाई मात्र फोनपाशीच बसून होत्या. पेढा हातात तसाच. गर्दी जरा पांगल्यावर त्यांनी सरांना खुणेने जवळ बोलावलं.

"अवो, तिथं तिला फोन करायचा म्हनल्यावर किती आकडे फिरवावे लागतेत?"

सरांनी पत्राच्या माथ्यावरचा नंबर बोटाने मोजला. सुरुवातीची शून्यं धरून चौदा भरले.

"चौदा," ते हळूच म्हणाले.

बाईंनी रिसीव्हर उचलला, कानाला लावून टोन आहे ना याची खात्री केली आणि परत ठेवला.

"फिरवीन की," त्या म्हणाल्या.